खर्च उत्पन्नाच्या निम्मा ठेवा, असं लिहिणारा न्यायाधीश स्वतः कर्जात बुडून मेला

इंग्रजी साहित्य घेऊन बी.ए. केलेल्या कुणालाही विचारा, फ्रान्सिस बेकनचे निबंध सहसा कुणाला चुकलेले नसतात. छोटी, ठसठशीत वाक्यं आणि प्रत्येक वाक्यात एक शहाणपण. त्याच्या पहिल्या पुस्तकात दहाच निबंध होते. ते आलं १५९७ साली. त्यातला एक निबंध होता खर्चावर. माणसाने आपल्या ऐपतीत राहावं, हिशेब स्वतः बघावा, नोकरचाकरांना लुबाडू देऊ नये, असा त्याचा सूर.

पुढच्याच वर्षी, १५९८ मध्ये, लंडनच्या रस्त्यात या लेखकाला अटक झाली. एका सराफाचे ३०० पौंड थकले होते. राणी एलिझाबेथचा कायदा सल्लागार, खासदार, एके काळच्या सर्वांत वरच्या न्यायाधिकाऱ्याचा मुलगा, आणि पकडला गेला उधारीपायी. साध्या मजुराची वर्षाची कमाई १० पौंडांच्या आसपास असायची, तेव्हाचे हे ३०० पौंड.

हाच माणूस पुढे इंग्लंडचा लॉर्ड चॅन्सेलर झाला, म्हणजे देशाच्या न्यायव्यवस्थेत सर्वांत वरच्या खुर्चीवर बसला. तीन वर्षांत लाचखोरीच्या आरोपाखाली त्या खुर्चीवरून खालीही आला. विज्ञानाचा तत्त्वज्ञ म्हणून त्याच्यावर भरपूर लिहिलं गेलंय. आपण त्याच्या पैशाची गोष्ट बघू, कारण न्यायाधीशाला पगार कोण देतो आणि निवृत्तीनंतर तो कशावर जगतो, या प्रश्नांवर त्याचं अख्खं आयुष्य फिरलं.

सगळ्यात धाकटा, म्हणून हात रिकामे

बेकनचा जन्म २२ जानेवारी १५६१ चा. जागा लंडनमधलं यॉर्क हाऊस, थेम्सच्या काठावरचा मोठा वाडा. वडील सर निकोलस बेकन हे राणीचे लॉर्ड कीपर, म्हणजे राजशिक्का सांभाळणारे आणि चॅन्सरी न्यायालयाचे प्रमुख. मावशीचे यजमान विल्यम सेसिल म्हणजे राणीचा उजवा हात. आई अॅन लॅटिन-ग्रीक येणारी, कडक धर्मनिष्ठ बाई.

एवढ्या घरात जन्मून पैशाची चिंता कशाला? पण फ्रान्सिस सगळ्यात धाकटा होता. थोरल्या भावांच्या नावावर वडिलांनी जमिनी करून दिल्या होत्या. धाकट्यासाठी रक्कम बाजूला काढून ठेवली होती, जमीन घ्यायची तेवढी बाकी होती. तोवर फेब्रुवारी १५७९ मध्ये वडील अचानक गेले. १८ वर्षांचा फ्रान्सिस तेव्हा पॅरिसमध्ये इंग्लंडच्या राजदूताच्या हाताखाली होता. परत आला तर त्याच्यासाठी ठेवलेली रक्कम सगळ्या भावांत वाटली गेली होती. त्याच्या हाती लहानसा वाटा आला.

मग वकिली. ग्रेज इन या वकिलांच्या संस्थेत राहिला, १५८२ मध्ये बॅरिस्टर झाला, त्याआधीच संसदेत गेला होता. पण सवयी लागल्या होत्या लॉर्ड कीपरच्या घरातल्या. उत्तम कपडे, घोडे, दिमतीला पोरं, आणि हे सगळं कर्जावर. आईची पत्रं उपलब्ध आहेत. त्यात ती फ्रान्सिसचे नोकर त्याला कसे लुटतात यावर जीव तोडून बोलते. आईचं ऐकलं असतं तर हा लेख लिहावाच लागला नसता, पण ते असो.

१५८९ साली त्याला एक सरकारी देणगी मिळाली. स्टार चेंबर या न्यायालयाच्या कारकुनाचं पद. कारकून म्हटलं तरी मामुली नाही, वर्षाला सुमारे १,६०० पौंड कमाईची जागा. अडचण एकच होती. त्या खुर्चीवर दुसरा माणूस बसलेला होता आणि तो मेल्यावरच जागा बेकनला मिळणार होती. थोडक्यात, वेटिंग लिस्टचं तिकीट. ते कन्फर्म झालं १६०८ मध्ये. १९ वर्षं तो माणूस जगला आणि तेवढी वर्षं बेकन त्या जागेच्या भरवशावर उधारी घेत राहिला.

मधल्या काळात त्याने संसदेत राणीच्या करवसुलीच्या घाईला विरोध केला. राणी रागावली. ॲटर्नी जनरलचं पद एडवर्ड कोक या त्याच्या कायमच्या प्रतिस्पर्ध्याला मिळालं. हा कोक पुढे पुन्हा येणार आहे, लक्षात ठेवा. बेकनचा आश्रयदाता अर्ल ऑफ एसेक्स याला वाईट वाटलं. त्याने भरपाई म्हणून ट्विकनमची जमीन बेकनला दिली, ती बेकनने १,८०० पौंडांना विकली. एक श्रीमंत विधवा, लेडी हॅटन, हिच्याशी लग्न जमवून कर्जातून सुटायचा बेतही त्याने केला. तिने १५९८ मध्ये लग्न केलं ते कोकशी.

१६०१ मध्ये एसेक्सने बंड केलं, तेव्हा त्याच्यावरचा राजद्रोहाचा खटला चालवणाऱ्या सरकारी वकिलांत बेकन होता. ज्याने जमीन दिली त्यालाच फासाकडे नेलं, हा डाग त्याच्या नावावर कायमचा लागला. बेकनचं म्हणणं होतं, राज्याशी इमान आधी. लोकांना ते फारसं पटलं नाही.

पद मोठं, पगार लहान

१६०३ मध्ये एलिझाबेथ गेली, पहिला जेम्स आला आणि बेकनचे दिवस पालटले. १६०६ मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी, त्याने लंडनच्या एका श्रीमंत नगरसेवकाच्या मुलीशी लग्न केलं. ॲलिस बार्नहॅम जेमतेम १४ वर्षांची होती. नवरदेव लग्नात नखशिखांत जांभळ्या कपड्यात होता. १६०७ ला सॉलिसिटर जनरल, १६०८ ला ते स्टार चेंबरचं पद. याच वर्षी त्याने स्वतःच्या टिपणवहीत हिशेब मांडला. वर्षाचं उत्पन्न ५ हजार पौंडांच्या जवळ आणि कर्ज साडेचार हजारांच्या आसपास. हा माणूस गरीब कधीच नव्हता. हिशेब त्याला उत्तम येत होता, तो पाळता येत नव्हता.

१६१३ ला ॲटर्नी जनरल, मार्च १६१७ मध्ये लॉर्ड कीपर, जानेवारी १६१८ मध्ये लॉर्ड चॅन्सेलर. जिथे जन्मला ते यॉर्क हाऊस त्याने भाड्याने घेतलं आणि वडिलांच्या खुर्चीत वडिलांच्याच घरातून बसायला लागला. ७ मे १६१७ ला तो कामावर रुजू झाला तेव्हा जांभळ्या साटिनमध्ये घोड्यावर होता आणि मागे २०० घोडेस्वार. चॅन्सरीत तुंबलेली प्रकरणं त्याने महिन्याभरात ऐकून संपवली. आपल्याकडे तारीख पे तारीख हा शब्दप्रयोग ज्यांना चांगला ठाऊक आहे, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

आता यातली खरी गोम. त्या काळच्या इंग्लंडमध्ये न्यायाधीशाला राजाच्या तिजोरीतून मिळणारा ठरलेला पगार पदाच्या मानाने किरकोळ होता. उरलेली कमाई फीमधून यायची. कागदावर शिक्का मारला, फी. हुकूम निघाला, फी. शिवाय नव्या वर्षाच्या भेटी, पदावर बसल्याबद्दल नजराणे, खटला संपल्यावर आभाराची थैली. हाताखालच्या कारकुनांच्या जागाही विकत घेतल्या जात आणि ते आपलं भांडवल पक्षकारांकडून वसूल करत. कुणाला यात विशेष वाटत नसे. राजालाही ते सोयीचं होतं, कारण न्यायालय चालवायचा खर्च पक्षकारांच्या खिशातून परस्पर निघत होता.

दुसरी गोष्ट, न्यायाधीश राजाची मर्जी असेपर्यंतच खुर्चीवर असायचा. १६१६ मध्ये कोक मुख्य न्यायाधीश होता. राजाने सांगितल्यावर सुनावणी थांबवायला तो तयार झाला नाही. त्याला काढून टाकलं. हक्काची पेन्शन असं काही तेव्हा नव्हतंच. कोकची स्वतःची मालमत्ता दांडगी होती म्हणून त्याला फरक पडला नाही. बेकनची तशी नव्हती. तो राजाचा लाडका ड्यूक ऑफ बकिंगहॅम (तेव्हा नुसता जॉर्ज व्हिलियर्स, मग चढत गेला) याच्या पाठिंब्यावर टिकून होता. बकिंगहॅम त्याला पत्रं पाठवायचा, अमुक पक्षकाराकडे जरा बघा. अशी पत्रं एकदोन नाहीत, कितीतरी आहेत.

आणि वर बेकनचा खर्च. सेंट ऑल्बन्सजवळच्या गोरहॅम्बरी या इस्टेटीवर त्याने व्हेरुलम हाऊस नावाचं नवं घर बांधलं. जॉन ऑब्री हा नंतरच्या पिढीतला चरित्रकार म्हणजे गप्पिष्ट माणूस, पण त्याने घर पाहिलं होतं. तो खर्चाचा आकडा ९-१० हजार पौंडांचा देतो. नोकरांची पलटण वेगळीच. एक आख्यायिका अशी की बेकनच्या खोलीत एक पाहुणा वाट बघत बसला होता. एकेक नोकर आत येई, कपाटातून मूठभर पैसे खिशात घाली आणि निघून जाई. पाहुण्याने मालकाला सांगितलं, तर मालक हताशपणे म्हणाला की त्याला ते माहीत आहे, पण त्याचा इलाज चालत नाही. खरी असो वा रचलेली, त्याच्या आईला ही गोष्ट सांगितली असती तर तिने लगेच विश्वास ठेवला असता.

लाच दिली आणि खटला हरले

जानेवारी १६२१. बेकनने साठी पूर्ण केली, व्हायकाउंट सेंट ऑल्बन ही पदवी मिळवली. तीन महिन्यांपूर्वीच त्याचा नोव्हम ऑर्गानम हा ग्रंथ आला होता. याहून वर जायला जागाच नव्हती.

त्याच महिन्याच्या अखेरीला संसद भरली. बऱ्याच वर्षांनी भरली होती, लोकांच्या मनात राग साठला होता. मुख्य राग मक्तेदाऱ्यांवर. राजाने मर्जीतल्या लोकांना वस्तू बनवायचे, परवाने द्यायचे मक्ते वाटले होते. त्यातल्या बऱ्याच मक्त्यांना कायदेशीर ठरवण्यात बेकनचा हात होता. बकिंगहॅमला हात लावणं अवघड, म्हणून नजर न्यायालयांकडे वळली. न्यायालयांतल्या गैरव्यवहारांसाठी समिती नेमली गेली. खासदारांत सगळ्यात जोमाने उभा होता आपला ओळखीचा एडवर्ड कोक.

समितीपुढे दोन माणसं आली. ख्रिस्तोफर ऑब्री (चरित्रकार ऑब्री वेगळा) म्हणाला, माझा खटला लवकर निघावा म्हणून १०० पौंड पोहोचवले. एडवर्ड एगर्टन म्हणाला, मी ४०० पौंडांची थैली दिली. दोघांची तक्रार काय, तर पैसे देऊनही निकाल आमच्या विरोधात गेला! म्हणजे तक्रारदार लाच देणारेच, आणि त्यांचं दुःख काम न झाल्याचं. आपल्याकडे असा माणूस तोंड लपवून घरी बसतो. हे संसदेत गेले.

एकदा दार उघडलं तशा तक्रारी वाढत गेल्या. लेडी व्हार्टन नावाच्या पक्षकार बाईने ३०० पौंडांहून जास्त दिलेले निघाले. किराणा व्यापारी आणि औषधविक्रेते यांच्या संघांच्या भांडणात सगळ्याच बाजूंकडून काही ना काही आलं होतं. एकूण २८ आरोप तयार झाले.

बेकनने आधी लढायचं ठरवलं. राजासाठी तयार केलेल्या टिपणात त्याने भेटींचे तीन प्रकार पाडले. निकालाआधी सौदा करून घेतलेले पैसे हा पहिला. खटला संपला आहे असं समजून, नीट चौकशी न करता घेतलेले हा दुसरा. आणि खटला खरोखर संपल्यावर आलेली भेट हा तिसरा. पहिल्यात आपण निर्दोष, दुसऱ्यात कुठे कुठे चूक झाली असेल, तिसऱ्यात गुन्हाच नाही, असं त्याचं म्हणणं. ऐकायला बरं वाटतं. पण २८ आरोपांत खटला चालू असताना घेतलेल्या रकमा होत्याच. काही ठिकाणी भेटीऐवजी उसनवारी होती, आणि पक्षकाराकडून न्यायाधीशाने घेतलेली उसनवारी कधी फेडली जाते ते सांगायला नको.

मला यात सगळ्यात खटकतं ते वेगळंच. मोठ्या पदावरच्या माणसाने काय करावं, यावर बेकनने १६१२ च्या आवृत्तीत निबंध लिहिला होता. आपले आणि नोकरांचे घेणारे हात बांधाच, पण पक्षकाराचा देणारा हातही बांधा, असा त्याचा मथितार्थ. नियम माहीत नव्हता असं म्हणायची सोय त्याने स्वतःच ठेवली नव्हती.

राजाने हात वर केले. बकिंगहॅम वाचावा म्हणून चॅन्सेलरचा बळी गेला, असं मानणारे इतिहासकार आहेत आणि त्यात तथ्य आहे. आजारी पडलेल्या बेकनने ३० एप्रिलला सगळ्या २८ मुद्द्यांवर लेखी कबुली दिली. उमरावांच्या सभागृहाने माणसं पाठवून सही त्याचीच आहे ना, याची खात्री केली. आपलीच आहे, असं त्याने सांगितलं आणि दयेची याचना केली. ३ मे १६२१ ला शिक्षा सुनावली गेली. ४० हजार पौंड दंड, राजाची इच्छा असेपर्यंत टॉवरमध्ये कैद, पुन्हा कोणतंही सरकारी पद नाही, संसदेत बसायचं नाही, राजदरबाराच्या १२ मैलांच्या आत यायचं नाही.

स्वतःबद्दल त्याने नंतर जे मत नोंदवलं ते लोक आजही सांगतात. गेल्या ५० वर्षांतला इंग्लंडचा सर्वांत न्यायी न्यायाधीश आपण होतो, आणि संसदेने २०० वर्षांत दिलेली सर्वांत न्याय्य शिक्षा आपल्याला मिळाली, असा त्याचा आशय. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे त्याला कळत होतं.

दंडच झाला ढाल

कैद काही दिवसांचीच ठरली, जूनच्या सुरुवातीला तो बाहेर होता. आणि ४० हजारांचा दंड? इथे राजाने गंमत केली. दंड माफ न करता तो वसूल करायचा हक्क बेकननेच निवडलेल्या विश्वस्तांच्या नावावर करून दिला. कारण सरळ होतं. राजाचं देणं इतर सगळ्या देण्यांच्या आधी फेडायचं असतं. म्हणजे सराफ, सावकार, कापडवाले, सगळे घेणेकरी रांगेत मागे, आणि रांगेत पुढे उभे बेकनचेच मित्र. शिक्षेचा दंड त्याच्यासाठी ढाल झाला. कायदा जाणणाऱ्या माणसाचं डोकं कसं चालतं बघा.

पण रोजचं जगणं भागवायचं होतं. त्याच्या नावे राजाने वर्षाला १,२०० पौंडांची पेन्शन दिलेली होती. आणखी एका सरकारी फीच्या उत्पन्नातून सुमारे ६०० आणि इस्टेटीच्या जमिनीतून ७०० च्या आसपास. बेरीज अडीच हजार. कागदावर ऐषारामात जगावं एवढी रक्कम. पण पेन्शन म्हणजे राजाची कृपा, हक्क नव्हे. तिजोरी रिकामी असली की ती थकायची, आणि जेम्सची तिजोरी कायम रिकामी. मग बेकनने पत्रं लिहायची. राजाला, बकिंगहॅमला, खजिनदाराला. देशाचा माजी सर्वोच्च न्यायाधीश आपल्याच पेन्शनसाठी कार्यालयांचे उंबरे झिजवतोय, हे त्याच्या शेवटच्या पाच वर्षांचं चित्र.

यॉर्क हाऊसची गोष्ट तर जास्तच बोचरी आहे. बकिंगहॅमला ते घर हवं होतं. जिथे आपण जन्मलो आणि वडील वारले ते घर सोडायचं नाही, असं बेकनने आधी कळवलं. तोवर त्याला लंडनमध्ये यायची परवानगीच मिळेना. १६२२ मध्ये त्याने घर सोडलं, परवानगी मिळाली. राहायला पुन्हा ग्रेज इनच्या खोल्या, जिथून चाळीस वर्षांपूर्वी सुरुवात केली होती. तिथली बिअर त्याला सोसेना, म्हणून शेजारच्या लॉर्ड ब्रुककडून मागवायचा आणि पुढे त्यानेही द्यायचं बंद केलं, अशी एक वदंता आहे. १६२३ मध्ये ईटन शाळेच्या प्रमुखाची जागा रिकामी झाली. माजी लॉर्ड चॅन्सेलरने शाळेच्या नोकरीसाठी अर्ज केला. तीही मिळाली नाही, दुसऱ्याला गेली.

मराठी माणसाच्या मनात न्यायाधीश म्हटलं की रामशास्त्री प्रभुणे येतात. निस्पृह, घरात साठा न ठेवणारे, पेशव्यालाही न घाबरणारे. पण प्रत्येक न्यायाधीश रामशास्त्री निघेल या आशेवर राज्य चालत नाही, आणि इंग्लंडला हे कळायला बेकननंतरही खूप वेळ लागला. १७०१ च्या कायद्याने ठरवलं की न्यायाधीश राजाच्या मर्जीवर नव्हे, चांगल्या वर्तणुकीवर पदावर राहील आणि त्याचा पगार निश्चित असेल. तरी १७२५ मध्ये आणखी एक लॉर्ड चॅन्सेलर, मॅकल्सफिल्ड, न्यायालयातली पदं विकल्याबद्दल ३० हजार पौंड दंडाला पात्र ठरला. न्यायाधीशांच्या पेन्शनचा कायदा १७९९ मध्ये आला. फीऐवजी घसघशीत पगार ही व्यवस्था वरिष्ठ न्यायाधीशांसाठी १८२५ मध्ये बसवली गेली. म्हणजे बेकनच्या शिक्षेनंतर २०० वर्षांनी.

हाच धडा इंग्रजांनी आपल्याकडे मात्र लवकर वापरला. १७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टने कलकत्त्यात सर्वोच्च न्यायालयाची तरतूद केली तेव्हा मुख्य न्यायाधीशाला वर्षाला ८ हजार आणि इतरांना ६ हजार पौंड पगार ठरवला, आणि भेटवस्तू घ्यायला बंदी घातली. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेत सरन्यायाधीशांचा पगार महिना ५ हजार आणि सर्वोच्च न्यायालयाच्या इतर न्यायाधीशांचा ४ हजार रुपये होता. आज तो २ लाख ८० हजार आणि अडीच लाख आहे. सरन्यायाधीशांची पेन्शन वर्षाला १६ लाख ८० हजार रुपये, अधिक महागाई भत्ता. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हा पगार आणि पेन्शन संचित निधीवरचा भार असतो. संसदेत त्यावर चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. एखादं सरकार निकालावर चिडलं म्हणून पेन्शन रोखता येत नाही. आणि सर्वोच्च न्यायालयातून निवृत्त झालेल्याला देशातल्या कोणत्याही न्यायालयात वकिली करता येत नाही. निवृत्तीनंतर सरकारी आयोग, लवाद, राज्यपालपद घ्यावं की नाही, हा वाद मात्र आपल्याकडे अजून मिटलेला नाही. ईटनच्या जागेसाठी अर्ज करणारा बेकन त्या वादात आठवायला हवा.

मृत्युपत्रात दानच दान

पदावरून गेल्यावरची ती पाच वर्षं लिखाणाच्या दृष्टीने त्याची सगळ्यात सुपीक वर्षं ठरली. सातव्या हेन्रीचा इतिहास त्याने सुटकेनंतर काही महिन्यांतच लिहून काढला. १६२५ मध्ये निबंधांची शेवटची आवृत्ती आली, आता ५८ निबंध. खर्चावरचा जुना निबंध त्यातही आहे. आणि त्यात हा नेमका हिशेब आहे, की ज्याला तोल सांभाळायचा आहे त्याने रोजचा खर्च उत्पन्नाच्या निम्म्यावर ठेवावा, आणि ज्याला श्रीमंत व्हायचंय त्याने तिसऱ्या हिश्श्यावर. हे छापून आलं तेव्हा लेखकाच्या डोक्यावर २० हजार पौंडांच्या घरात कर्ज होतं.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याने मृत्युपत्र केलं. ते वाचलं तर वाटतं कुणा कुबेराचं आहे. मित्रांना भेटी, नोकरांना रकमा, अनेक गावांतल्या गोरगरिबांना दान, ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमध्ये कायमस्वरूपी व्याख्यानांसाठी निधी. बायकोलाही भरपूर, आणि मग शेवटी पुरवणीत मोठी आणि योग्य कारणं आहेत एवढंच सांगून तिच्यासाठी केलेलं सगळं रद्द. कारणं त्याने लिहिली नाहीत. ॲलिसने त्याच्या मृत्यूनंतर दोन आठवड्यांच्या आत घरातल्याच एका कारभाऱ्याशी, जॉन अंडरहिलशी, लग्न केलं.

मृत्यूची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. १६२६ च्या वसंतात, थंडी अजून गेली नव्हती तेव्हा, तो बर्फाने मांस टिकतं का हे बघायला हायगेटजवळ गाडीतून उतरला. एक कोंबडी विकत घेतली, तिच्या पोटात बर्फ भरला आणि स्वतःला थंडी भरवून घेतली. जवळच अर्ल ऑफ अॅरंडेलचं घर होतं, तिथे त्याला नेलं. यजमान स्वतः घरात नव्हता. ९ एप्रिलला बेकन तिथेच वारला, परक्याच्या पलंगावर. ही कोंबडीची गोष्टही ऑब्रीचीच, पण प्रयोग करत होतो असं बेकनने शेवटच्या पत्रात अॅरंडेलला स्वतः कळवलं होतं.

मालमत्ता विकून ७ हजार पौंडांच्या आसपास येतील, अशी स्थिती होती. मृत्युपत्रात नेमलेल्या मंडळींनी ती जबाबदारी घ्यायलाच नकार दिला. वर्षभराने न्यायालयाने कारभार सोपवला तो दोघा घेणेकऱ्यांकडे. त्यातला एक होता टॉमस मोटिस, त्याचा जुना सचिव. सेंट ऑल्बन्सच्या चर्चमध्ये बेकनची खुर्चीत बसलेली संगमरवरी मूर्ती आहे, तीही याच मोटिसने उभारली. पैसे बुडालेल्या घेणेकऱ्याने स्मारक बांधलं, अशी उदाहरणं फार नसतील. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या व्याख्यानांसाठी शिल्लकच नव्हती, ती कधी सुरू झाली नाहीत.

व्हेरुलम हाऊसचं पुढे काय झालं ते ऑब्रीने लिहून ठेवलंय. १६६० च्या दशकात ते ४०० पौंडांना विकलं गेलं. घेणारे दोन सुतार होते. त्यांनी घर पाडून सामान विकलं आणि पैसे दुप्पट केले.